आधी टॉनिक ठरवा, मग जिन: सांगलीतून काही महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी शनिवारच्या बैठकीत व्हिस्कीची जागा जिनने घेतली आहे. थंडी, द्राक्षांचा हंगाम, सांगलीचा एप्रिल-मे आणि आता पाऊस, एवढ्या काळात बऱ्याच जिन आणि बरीच टॉनिक, म्हणजे जिनमध्ये घालायचं कडू-गोड गॅसवालं पेय, आलटून पालटून बघून झाली. म्हणून आता ठामपणे लिहितोय.

जिन-टॉनिकच्या ग्लासात एक भाग जिन आणि अडीच-तीन भाग टॉनिक असतं. म्हणजे तोंडात जातं ते मुख्यतः टॉनिकच. तरीही दुकानात आपण सगळा वेळ जिनच्या बाटल्या निरखण्यात घालवतो आणि टॉनिक मात्र काउंटरवर जे असेल ते उचलतो. 'जिन आपल्याला झेपत नाही, फार गोड लागते' असं म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. ती गोडी जिनची नसते. लंडन ड्राय पद्धतीच्या जिनमध्ये साखर जवळपास नसतेच, गोडी येते ती टॉनिकमधून.

माझी निवड आधीच सांगून टाकतो. नेहमीसाठी ग्रेटर दॅन ही जिन आणि स्वामी कंपनीचं लाइट, म्हणजे कमी गोड टॉनिक. घरी चार माणसं जेवायला असली की स्ट्रेंजर अँड सन्स ही जिन आणि साधं इंडियन टॉनिक. हपुसा ही तिसरी जिन मला मनापासून आवडते, पण ती टॉनिकमध्ये नाही, सोड्यात. आता कारणं.

टॉनिकचा कडूपणा क्विनाइनचा. सिंकोना झाडाच्या सालीतून पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1820 मध्ये ते वेगळं काढलं. हिवतापावर तेव्हा तेच औषध होतं, इंग्रजांनी पुढे निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाचे मळे लावले. ते इतकं कडू, की साखर-पाण्याशिवाय घशाखाली उतरायचं नाही. टॉनिक वॉटरचं पहिलं पेटंट 1858 चं, लंडनच्या इरॅस्मस बाँडचं. श्वेप्सचं टॉनिक 1870 च्या सुमारास आलं. म्हणजे कडू आणि गोड यांचा तोल साधणं हेच टॉनिकचं मूळ काम. हा तोल प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने साधते आणि आपल्या ग्लासाचं भवितव्य तिथे ठरतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आमचे थोरले मेहुणे कवठेमहांकाळकडचे, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. पहिला घोट घेऊन म्हणाले, "पाव्हणं, हे कडू हाय म्हंजे यात साखर नसंलच की." मी म्हटलं, "दादा, बाटली फिरवून मागचं वाचा." त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि बाटली खाली ठेवली. लेबलवर 100 मिलीला 8 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 200 मिलीच्या बाटलीत 16 ग्रॅम झाली. चहाचे चार चमचे. कडूपणामुळे ती जिभेला कळत नाही, एवढंच. सोडा म्हणजे नुसतं पाणी आणि गॅस. टॉनिक म्हणजे सरबताच्या जातीचं पेय. मधुमेह असलेल्या माणसाने हे दोन्ही एकच समजू नये, आणि मुळात घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. दादा त्या दिवसापासून आमच्याकडे आले की लिंबू-सोड्यावर असतात.

हिवताप टळतो म्हणून टॉनिक प्यावं असंही कानावर येतं. त्यात तथ्य नाही. अमेरिकेत टॉनिकमध्ये लिटरला 83 मिलिग्रॅमपर्यंतच क्विनाइन चालतं. उपचारात प्रौढ माणसाला दिवसाला पावणेदोन-दोन ग्रॅमच्या घरात लागतं. तेवढं टॉनिकमधून घ्यायचं तर वीस लिटरच्या वर जाल. उलट गरोदर बायकांनी, हृदयाच्या ठोक्यांची औषधं चालू असलेल्यांनी आणि क्विनाइनची ॲलर्जी असलेल्यांनी साधं टॉनिकसुद्धा टाळलेलं बरं.

आता चवीकडे. कॅनमधलं श्वेप्स सहज मिळतं, गॅस कडक असतो आणि थंडगार असताना छान लागतं. माझ्या जिभेला मात्र त्याची गोडी पुढे येते, त्यामुळे सोबत ठळक जिन लागते. स्वामी हे मुंबईचं, 2018 च्या सुमारास बाजारात आलं. त्यांच्या साध्या टॉनिकमध्ये कडूपणा स्पष्ट कळतो आणि घोट संपल्यावर तोंड चिकट होत नाही. लाइटमध्ये गोडी आणखी कमी. काकडीचं टॉनिक उन्हाळ्यात मस्त वाटतं, पण त्यात जिन कुठली घातली आहे ते कळेनासं होतं, म्हणून महागाची जिन त्यात घालवू नका. सेपॉयचंही साधं इंडियन टॉनिक चांगलं आहे, हाताला लागलं तर जरूर घ्या. वेगवेगळ्या वासांची रंगीत टॉनिक मी आता आणत नाही. वास जिनने द्यायचा असतो.

जिनचा पाया म्हणजे ज्युनिपरची फळं. वाळलेलं फळ मिऱ्यापेक्षा थोडं मोठं, वास देवदाराच्या ताज्या लाकडासारखा. ज्युनिपर नाही तर जिन नाही. त्याच्या जोडीला बहुतेक सगळ्या जिनमध्ये आपले धने असतात. विश्वास बसत नसेल तर घरातले चार धने खलबत्त्यात हलके ठेचून हुंगा आणि लगेच जिनचा वास घ्या. तो लिंबासारखा वास दोन्हीकडे सापडेल.

ग्रेटर दॅन गोव्यात बनते, 2017 ला आली. ज्युनिपर पुढे, मागे संत्र्याची साल, गवती चहा आणि थोडं आलं. सरळ, कोरडी जिन आहे. कमी गोडीच्या टॉनिकमध्ये ती पहिल्या घोटापासून शेवटपर्यंत तशीच राहते, बर्फ वितळला तरी पांचट होत नाही. परदेशी बाटल्यांपेक्षा बरीच स्वस्तही आहे. जिनची सुरुवात करणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सांगतो.

बॉम्बे सफायर सगळ्यांना माहीत असलेली निळी बाटली, 1980 च्या दशकापासूनची. तिच्यात दहा वनस्पती असतात आणि त्या दारूत उकळत नाहीत, वरच्या जाळीत ठेवून त्यांच्यातून वाफ नेतात. त्यामुळे वास हलका, फुलासारखा उतरतो. हलका म्हणूनच तो गोड टॉनिकखाली दबतो. ही बाटली कुणी भेट आणली तर लाइट टॉनिक, तेही एकास दोनच घाला. एवढं केलं की तिचा खरा स्वभाव कळतो.

स्ट्रेंजर अँड सन्स हीसुद्धा गोव्याची. काळी मिरी, जायपत्री, जायफळ, ज्येष्ठमध आणि लिंबूवर्गातल्या फळांच्या साली. आपल्या मसाल्याच्या डब्यात वाढलेल्या नाकाला ती पटकन ओळखीची वाटते. मिरी आणि जायपत्री एवढी ठाम, की साध्या, थोड्या गोड टॉनिकसमोरही ती मागे हटत नाही. जेवणाआधी घ्यायची जिन म्हणून माझ्या लेखी हिला तोड नाही. थंडीत नागपुरी संत्र्याची साल यात घालून बघा.

हपुसा मात्र वेगळीच. ज्युनिपर हिमालयातलं, सोबत हळद, आंबा, वेलदोडा, गंधराज लिंबू. हळदीचं नाव ऐकून सांगलीकराचे कान टवकारणारच, आपल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण वसंतदादा मार्केट यार्डात सौद्यांच्या दिवसांत जो सुक्या हळदीचा वास असतो, तो यात शोधू नका. यात ओल्या कंदाचा, मातीचा वास आहे, आणि तो एक-दोन घोटांनंतर वर येतो. क्विनाइनचा कडूपणा त्यावर बसला की दोघांचंही काही कळत नाही. म्हणून 60 मिली हपुसा, गच्च बर्फ, वर थोडाच सोडा. साल नको, काहीच नको. संध्याकाळी एक ग्लास सावकाश प्यायचा असेल तर हीच.

तिन्ही भारतीय जिनमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल आहे, तेव्हा टॉनिकमुळे सरबतासारखी उतरते म्हणून गाफील राहू नका.

आता लिंबू. आपलं कागदी लिंबू फार आंबट. पिळलं की टॉनिकचा कडूपणा आणि जिनचा वास दोन्ही मोडतात. मी रस घालतच नाही. लिंबू धुवून पुसून घ्यायचं, सोलाण्याने सालीची बोटभर पट्टी काढायची, पांढरा भाग जमेल तेवढा नको. ती पट्टी ग्लासवर धरून हिरवी बाजू खाली करून पिळायची. उजेडासमोर धरलं तर तेलाचे बारीक तुषार उडताना दिसतात आणि टॉनिकच्या पृष्ठभागावर तेलाचा झिरझिरीत थर पसरतो. पहिल्या घोटाला नाक तिथेच जातं. पट्टी मग ग्लासात टाका किंवा बाजूला ठेवा, काम झालेलं असतं.

थंडपणावर तडजोड नको. गॅस गार पाण्यात टिकतो, कोमट झालं की उडून जातो, आणि जिनचा वास वर आणण्याचं काम हे बुडबुडेच करतात. इथल्या एका दुकानातून भर उन्हाळ्यात आणलेल्या टॉनिकच्या बाटल्यांत गॅस जवळपास उरलाच नव्हता. पेटी उन्हाच्या बाजूला रचलेली होती. तेव्हापासून आतल्या बाजूची पेटी मागून घेतो आणि घरी आल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. बर्फ ग्लास भरून हवा. दोन खडे टाकले तर ते लवकर वितळतात आणि पेय पातळ होतं, भरपूर टाकला तर हळू वितळतो. बर्फाचा ट्रे झाकणाचा घ्या, नाहीतर फ्रीजरमधल्या मटणाचा आणि आलं-लसूण पेस्टचा वास ग्लासात येतो. टॉनिक कडेने हळू ओतायचं, चमचा एकदाच खालून वर, बस.

आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल तासगाव-पलूसकडची लांब, हिरवी, बिनबियांची द्राक्षं घरात पडलेलीच असतात. धुवून पंचावर पूर्ण कोरडी करायची, स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटता पसरायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायची. गोठल्यावर पिशवीत भरून महिनाभर वापरता येतात. बर्फाबरोबर सात-आठ टाकली की ग्लास गार राहतो आणि ती वितळली तरी पाणी सुटत नाही. शेवटी जिनमध्ये मुरलेलं, अर्धवट गोठलेलं द्राक्ष दाताखाली फुटतं तेव्हा आतला गर थेट सरबताच्या बर्फासारखा लागतो. आमच्या घरी आता मार्चमध्ये जिन यासाठीच निघते. यात टॉनिक लाइटच हवं, कारण साखर द्राक्षात आहेच.

चकण्याबद्दल एकच. सांगलीत बसायचं आणि भडंग नाही, हे मलाही पटत नाही, पण लसणाची तिखट भडंग खाल्ल्यावर जिनचा नाजूक वास गायब होतो. व्हिस्कीबरोबर ती चालते, इथे नाही. खारे दाणे, काकडी, पनीरचे साधे तुकडे, तळलेले मखाने चालतात. भडंग हवीच असेल तर बिनलसणाची करून घ्या आणि जोडीला स्ट्रेंजर अँड सन्स काढा, तिच्यातली मिरी तेवढी तग धरते.

मिळण्याचं म्हणाल तर मोठ्या वाईन शॉपमध्ये ग्रेटर दॅन आणि बॉम्बे सफायर बहुतेक वेळा असते, बाकीच्यांसाठी सांगून ठेवावं लागतं किंवा कोल्हापूर-पुण्याच्या फेरीत बघावं लागतं. 'साहेब, टॉनिक कशाला, सोडा घ्या की' हा सल्ला इथल्या दुकानात हमखास मिळतो. टॉनिक हे शीतपेय असल्याने पेटीने ऑनलाइन मागवता येतं, मी तेच करतो. गोव्याहून स्वस्तात बाटल्या आणून देतो म्हणणारे भेटतील, त्या नादाला लागू नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. आपल्या राज्यात 2025 मध्ये उत्पादन शुल्क वाढल्यापासून बाटल्या महागल्यात हे खरं. पिण्याचा परवाना काढून ठेवा, कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण हवं.

खर्चाचा अंदाज बाटलीच्या किमतीवरून बांधू नका. 750 मिलीत 60 मिलीचे बारा पेग निघतात, म्हणजे 200 मिलीच्या बारा बाटल्या टॉनिक. चांगलं टॉनिक घेतलं तर त्यांची बेरीज भारतीय जिनच्या किमतीच्या बऱ्यापैकी जवळ जाते. तरीही मोठी बाटली घेऊन बचत करू नका. उघडलेलं टॉनिक दुसऱ्या दिवशी बसलेलं असतं. जिन मात्र उघडल्यावरही बूच घट्ट लावून, उन्हापासून लांब, कपाटात उभी ठेवली तर काही महिने छान राहते. बाटली तळाला आली की मात्र वास उतरायला लागतो, तेव्हा शेवटचे दोन-तीन पेग फार दिवस ठेवू नका.