ज्येष्ठमध कुठला घ्यावा: हाँगकाँगचा की तैपेईचा?

हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेतल्या सिनेमात नायकाच्या आजूबाजूला वावरणाऱ्या मुरलेल्या नटांना एक खास शब्द आहे: ‘गाम छोऊ’. अर्थ ज्येष्ठमध. चिनी वैद्याच्या बहुतेक काढ्यांत ज्येष्ठमधाची काडी पडतेच. रोगावरचं मुख्य औषध वेगळं असतं, पण ही काडी नसेल तर काढा घशाखाली उतरत नाही. आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात. तो शब्द भारदस्त आहे, पण त्याला चव नाही.

हाँगकाँगच्या सिनेमाची ओळख करून घ्यायची म्हणून कोणी विचारलं, तर मी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या यादीकडे पाठवत नाही. तिथे तेच तेच चेहरे भेटतात. एकट्या टोनी लेउंग च्यू-वायने हाँगकाँगचा तो पुरस्कार सहा वेळा नेलाय. माणूस थोर आहे, त्याबद्दल वाद नाही, पण सहा संध्याकाळी एकाच माणसाकडे बघून शहर कळत नाही. शहर कळतं सहायक नटांकडून: भाडं थकलेला बाप, बँकेत घाबरून बसलेली बाई, चाळीचा मालक, दारू पिऊन पडलेला टोफूवाला. म्हणून सहायकांचीच यादी धरा. प्रश्न इतकाच उरतो की कोणाची यादी? पर्याय मुख्यतः दोन आहेत: हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्स आणि तैवानची राजधानी तैपेईचे गोल्डन हॉर्स.

घराणी वेगळी आहेत, तेव्हा आधी तेवढं समजून घ्या. हाँगकाँगचे पुरस्कार 1982 साली सुरू झाले आणि त्यामागे एक सिनेमाविषयक पाक्षिक होतं. पुढे धंद्यातल्याच संघटनांनी एकत्र येऊन ते चालवायला घेतले. निवड दोन फेऱ्यांच्या मतदानाने होते आणि त्यात दिग्दर्शक, नट, छायालेखक, संकलक अशा धंद्यातल्या माणसांच्या मताला चांगलंच वजन असतं. थोडक्यात, सेटवर ज्यांनी या नटाबरोबर चहा प्यायलाय, तेच त्याला मत देतात. गोल्डन हॉर्स त्याहून वीस वर्षांनी थोरला, 1962 चा. तैवान सरकारने तो सुरू केला तो मँडरिन, म्हणजे चीन-तैवानच्या अधिकृत भाषेतल्या, चित्रपटांना उत्तेजन म्हणून. किनमेन आणि मात्सू या तैवानच्या ताब्यातल्या, पण चीनच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या बेटांच्या नावांतून ‘जिन-मा’, म्हणजे सोन्याचा घोडा, हे नाव आलं. नावातच राजकारण आहे. 1996 पासून तो जगभरातल्या चिनी भाषांमधल्या सिनेमांना खुला झाला. तिथे मोजकी ज्युरी एकत्र बसते, वाद घालते आणि मग ठरवते.

पद्धतीतला हा फरक निकालांत दिसतो का? दिसतो, आणि एका भूमिकेत तर लखलखीत दिसतो.

कारा वाय ही शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या जुन्या स्टुडिओच्या काळातली मारधाडपटांची नायिका. हाँगकाँगच्या 1982 च्या पहिल्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला मिळाला होता. पुढे सत्तावीस वर्षांनी, 2009 मध्ये, मलेशियन दिग्दर्शक हो यु-हांगच्या ‘ॲट द एन्ड ऑफ डेब्रेक’मध्ये तिने एका बिघडलेल्या तरुण मुलाची आई केली. पिणारी, थकलेली आणि मुलासाठी कुठल्याही थराला जाणारी. तैपेईच्या ज्युरीने त्याच वर्षी या कामाला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. काही महिन्यांनी हाँगकाँगने त्याच कामाला मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. सबंध आशियासाठी असलेल्या एशियन फिल्म अवॉर्ड्सने पुन्हा सहायकच ठरवलं. काम एकच, चित्रपट एकच, आणि तीन ठिकाणी दोन उत्तरं.

माझं मत विचाराल तर तैपेईचं उत्तर बरोबर आहे. गोष्ट मुलाची आहे. आई तिच्या कडेने चालते, आणि कडेने चालूनही पडदा ओढून घेते, हेच त्या कामाचं मोल. पण हाँगकाँगने तसं का केलं तेही मला कळतं. त्या मतपत्रिकांवर फक्त एक भूमिका नव्हती. मधल्या काळात बाजूला पडलेली आपली मुलगी परत आली, याचं समाधान होतं. धंद्यातली माणसं मत देतात तेव्हा मतात नातं उतरतं. पुढे 2019 मध्ये ‘ट्रेसी’साठी हाँगकाँगने तिला सहायक अभिनेत्रीचाही पुरस्कार दिलाच.

हे नातं हाँगकाँगच्या यादीचं दूषण नाही, उलट तीच तिची गोडी आहे. लिउ काय-चीचं उदाहरण घ्या. आयुष्यभर टीव्ही आणि सिनेमात पडेल ते काम केलेला नट. 1993 मध्ये ‘केजमॅन’साठी त्याला सहायकाचा पुरस्कार मिळाला. जाळीच्या पिंजऱ्यासारख्या खाटांमध्ये भाड्याने राहणाऱ्या माणसांचा हा सिनेमा. त्यात लिउ त्या जागेची व्यवस्था बघणाऱ्या माणसाचा मतिमंद मुलगा झालाय. दुसरा पुरस्कार आला 2009 मध्ये, ‘बीस्ट स्टॉकर’साठी. मधे सोळा वर्षं गेली. 2021 मध्ये तो गेला. त्याच्यासारख्या माणसाचा हिशोब हाँगकाँगच्या यादीत नीट राहतो.

एलेन जिनचाही तसाच. 1987 आणि 1988, लागोपाठ दोन वर्षं सहायक अभिनेत्री. मग 2016 आणि 2017, पुन्हा लागोपाठ. हाँगकाँगची यादी नुसती वरून खाली वाचत गेलात तरी या बाईचं वय तुमच्या डोळ्यांसमोर वाढतं. 1988 चं तिचं बक्षीस ‘पीपल्स हीरो’साठी. त्याच सिनेमासाठी त्याच रात्री सहायक अभिनेत्याचा पुरस्कार घेतला तो तरुण टोनी लेउंग च्यू-वायने! नायक होण्याआधी तोही ज्येष्ठमधच होता. 1990 मध्ये तो पुन्हा सहायक ठरला. (नवख्यांसाठी: टोनी लेउंग दोन आहेत. चाहते च्यू-वायला ‘छोटा टोनी’ आणि का-फायला ‘मोठा टोनी’ म्हणतात. सहायकाची बाहुली दोघांकडेही आहे, तेव्हा नाव पूर्ण वाचा.)

आता तुलनेची सगळ्यात मजेदार जोडी. ‘कुंग फू हसल’मधलं घरमालक-मालकिणीचं जोडपं आठवतं? तो कवळीसारखं हसणारा, पायजम्यातला. ती केसांत कर्लर, ओठांत सिगारेट. युएन वा आणि युएन च्यू. दोघंही यू जिम-युएन गुरुजींच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेतले, जॅकी चॅन आणि सॅमो हंग यांच्यासोबत वाढलेले. युएन वा तर ब्रूस लीचा बदली म्हणून उड्या मारलेला माणूस. 2005 मध्ये हाँगकाँगने पुरस्कार नवऱ्याला दिला आणि त्याच वर्षाच्या शेवटी तैपेईने बायकोला. माझ्या मते इथेही तैपेई किंचित पुढे. बायकोचं काम जास्त अवघड आहे, कारण तिला आधी किळसवाणं आणि मग देखणं व्हायचं होतं, आणि तेही कर्लर न काढता. पण ब्रूस लीच्या सावलीत आयुष्य काढलेल्या माणसाचं नाव स्वतःच्या गावात पुकारलं गेलं, ते कोणाला नको आहे?

दोन्ही याद्या एकमेकींशी जुळतात अशा जागाही आहेत, आणि वेळ कमी असेल तर मी तिथेच बोट ठेवेन. ‘डम्पलिंग्ज’मधली बाय लिंग: 2004 मध्ये तैपेई, 2005 मध्ये हाँगकाँग. ‘इनिशियल डी’मधला अँथनी वाँग, म्हणजे वर सांगितलेला दारुडा टोफूवाला बाप: 2005 तैपेई, 2006 हाँगकाँग. आणि ‘मॅड वर्ल्ड’मधली अंथरुणाला खिळलेली आई, पुन्हा एलेन जिनच: 2016 तैपेई, 2017 हाँगकाँग. नातं जपणाऱ्या गावकऱ्यांना आणि कडक ज्युरीला, दोघांनाही जे पटलं त्यात खोट सहसा निघत नाही. फक्त ‘डम्पलिंग्ज’ जेवणाआधी लावू नका, आणि जेवणानंतर तर नकोच. मोमो आवडणाऱ्यांनी तर विशेष जपा.

‘मॅड वर्ल्ड’वर थोडं थांबायला हवं. सरकारी योजनेतून मिळालेल्या वीस लाख हाँगकाँग डॉलरमध्ये, सोळा दिवसांत चित्रित झालेला नवख्या दिग्दर्शकाचा हा सिनेमा. मानसिक आजारातून बाहेर येत असलेला मुलगा आणि ट्रक चालवणारा बाप एका खोलीचे तुकडे करून केलेल्या खुराड्यात राहतात. मुंबईत दहा बाय दहात दिवस काढलेल्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. बाप झालाय एरिक त्सांग, ज्याला हाँगकाँग वर्षानुवर्षं विनोदी नट आणि टीव्हीवरचा सूत्रधार म्हणून ओळखत होतं. हाँगकाँगने त्यालाही सहायकाचा पुरस्कार दिला. तैपेईत सहायकांपैकी फक्त आई जिंकली. इथे मी हाँगकाँगच्या बाजूने. तो बाप काही मोठं बोलत नाही, नुसता खोलीत कुठे उभं राहावं ते त्याला कळत नाही. ते बघताना ज्याच्या डोक्यात त्याचे जुने विनोद आहेत, त्याला ते दुप्पट लागतं. ज्युरीकडे ते जुनं ओझं असेलच असं नाही.

आता अडचणी. हाँगकाँगची यादी म्हणजे निखळ कँटोनीज, असं समजून चालू नका. मुख्य भूमी चीनबरोबर सहनिर्मिती वाढली तशी यादीत मँडरिन सिनेमेही आले. 2007 ची सहायक अभिनेत्री झोउ शुन ही ‘द बँक्वेट’ या मँडरिन राजवाडीपटासाठी. शिवाय तारे सहायक म्हणून उभे राहतात तो प्रकार तिथेही आहेच: 2008 चा सहायक अभिनेता चक्क अँडी लाउ. ‘प्रोटेजे’मधलं काम चांगलं आहे, पण तो ज्येष्ठमध नव्हे, तो जिन्सेंग, म्हणजे काढ्यातलं मुख्य औषधच. आणि 2021 साल शोधू नका, त्या वर्षी साथीमुळे सोहळाच झाला नाही.

गोल्डन हॉर्सची अडचण वेगळी आणि मोठी. 2018 च्या सोहळ्यात एका माहितीपटकर्तीने तैवानला स्वतंत्र देश मानलं जावं अशा अर्थाचं भाषण केलं. पुढच्या वर्षी चीनने आपल्या चित्रपटांना आणि कलाकारांना तिथे जायला मनाई केली. चीनच्या बाजारावर अवलंबून असलेल्या हाँगकाँगच्या निर्मात्यांनीही पाय मागे घेतले. तेव्हापासून तैपेईच्या यादीत हाँगकाँग दिसतं ते बहुतांशी छोट्या, स्वतंत्र सिनेमांतून. म्हणजे 2018 पर्यंत दोन्ही याद्या शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ आहे. त्यानंतर तैपेईने एखादं नाव घेतलं नाही, तर ते नापसंत होतं की स्पर्धेतच नव्हतं, हे आधी बघावं लागतं. अलीकडच्या दहा वर्षांचा सिनेमा बघायचा असेल तर हाँगकाँगची यादी बिनदिक्कत घ्या. 2024 च्या यादीत ‘इन ब्रॉड डेलाइट’साठी सत्तरच्या दशकातला शॉ ब्रदर्सचा तारा डेव्हिड च्यांग आणि तरुण रेचेल लेउंग, दोघांचीही नावं शेजारी सापडतील. आश्रमगृहातल्या छळावरचा सिनेमा आहे, जड आहे, पण चुकवू नये.

एशियन फिल्म अवॉर्ड्सचा उल्लेख वर आला. 2014 मध्ये ‘लंचबॉक्स’साठी इरफान खानला मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार दिला तेच हे. सबंध आशिया एका पंक्तीत बसवला की कँटोनीजच्या वाट्याला मोजकी पानं येतात. ‘इप मॅन 2’साठी सॅमो हंगला 2011 मध्ये मिळालेला सहायक पुरस्कार सुखावणारा आहे, पण त्या यादीवर कार्यक्रम आखता येणार नाही. हाँगकाँगच्या समीक्षक मंडळाचे पुरस्कार नेमके असतात, मात्र त्यांत सहायक हा विभागच नाही. विषय संपला.

एक कामाची गोष्ट. सिनेमा मिळवाल तेव्हा आवाजाची पट्टी कँटोनीज आहे ना ते बघा. मँडरिनमध्ये डब केलेल्या प्रती सर्रास फिरतात. सहायक नटाचं निम्मं काम त्याच्या बोलीत असतं, आणि तीच गेली तर राहिलं काय. ऐंशीच्या दशकातल्या सिनेमांत तर मूळ पट्टीवरही नटाचा स्वतःचा आवाज असेलच याची खात्री नसते, कारण तेव्हा मुकं चित्रण करून आवाज मागाहून भरायचे आणि बरेचदा दुसराच कोणी भरायचा. त्या काळातले विजेते बघताना चेहरा आणि हात बघा.

आणि एकच सिनेमा बघायची तयारी असेल तर हाँगकाँगच्या यादीतलं 2012 साल उघडा. ‘लाइफ विदाउट प्रिन्सिपल’ने त्या रात्री सहायकाचे दोन्ही पुरस्कार नेले. सो हांग-श्युएन झालीय ती बँकेत ठेव मोडून जोखमीच्या फंडात पैसे घालायला निघालेली वयस्क बाई, आणि लो होई-पांग झालाय तो सावकार. तिच्यासमोर बसलेल्या बँकेच्या मुलीला महिन्याचं टार्गेट पुरं करायचंय. जोखमीची सगळी कलमं वाचून दाखवायची, त्याचं रेकॉर्डिंग करायचं, आणि प्रत्येक कलमानंतर बाईने ‘मला पूर्ण समजलं’ असं म्हणायचं. बाईला काहीच समजलेलं नाही. ती पोरीच्या तोंडाकडे बघते, अंदाज घेते आणि म्हणते: पूर्ण समजलं.