इंगरसॉल वाचायचा तर कुठून? व्याख्यानं, वाद की स्मृतिभाषणं

रॉबर्ट ग्रीन इंगरसॉलचं समग्र लेखन बारा खंडांचं आहे आणि ते फुकट मिळतं. अडचण आहे ती निवडण्याची. पहिल्या खंडापासून ओळीने सुरुवात केली तर दुसऱ्या खंडात दम लागतो, आणि ‘हा माणूस तेच तेच सांगतो’ असं मत करून वाचक पुस्तक मिटतो. मत अगदीच चूक नाही. ही व्याख्यानं जवळजवळ तीस वर्षांत, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या श्रोत्यांपुढे दिलेली आहेत. लागोपाठ वाचली की तेच दाखले, तेच विनोद, तीच चढती लय पुन्हा भेटते.

माणसाची ओळख थोडक्यात. जन्म ११ ऑगस्ट १८३३, न्यूयॉर्क राज्यातल्या ड्रेस्डेन गावी, वडील धर्मोपदेशक. पेशा वकिलीचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात अकराव्या इलिनॉय घोडदळाचा कर्नल, डिसेंबर १८६२ मध्ये टेनेसीत दक्षिणेकडच्या सैन्याच्या हाती सापडला. १८६७ ते १८६९ इलिनॉयचा ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील. त्यानंतरची कीर्ती व्यासपीठावरची: लोक तिकीट काढून त्याची धर्मावरची टीका ऐकायला यायचे, आणि त्यांत चर्चला जाणारेही असायचे. २१ जुलै १८९९ला तो गेला.

‘अज्ञेयवादी’ या शब्दाबद्दल आधीच सावध केलेलं बरं. हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलेने १८६९ मध्ये घडवला, आणि तो ऐकून ‘देव असेलही, नसेलही’ असा गुळमुळीत सूर अपेक्षित असेल तर इंगरसॉल धक्का देईल. अज्ञेयवादी आणि नास्तिक यांत फरक नाही, असं त्याने १८८५च्या एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलंय. देव नाही हे मला ठाऊक आहे, असा दावा दोघेही करत नाहीत. आहे असं मानायला मात्र दोघेही तयार नाहीत.

कोणती प्रत

प्रमाण मानली जाते ती ‘ड्रेस्डेन आवृत्ती’. त्याच्या मृत्यूनंतर १९०० पासून ती त्याचा साडू सी. पी. फॅरेल याने काढली. खंड १ ते ४ व्याख्यानं, ५ ते ७ वादचर्चा, ८ मुलाखती, ९ राजकीय भाषणं, १० न्यायालयीन भाषणं, ११ आणि १२ संकीर्ण. प्रोजेक्ट गटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या संकेतस्थळावर बाराही खंड टंकित मजकूर म्हणून आहेत, त्यामुळे शोधता येतात. हा फायदा मोठा आहे. इंगरसॉलच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांची संख्या बरीच आहे. वाक्यातले तीन-चार ठळक शब्द बाराही फायलींत शोधायचे. सापडलं नाही तर ते त्याच्या नावावर वापरू नये.

दुसरा प्रकार म्हणजे त्याच्या हयातीतच लघुलेखकांच्या टिपणांवरून परस्पर छापलेली व्याख्यानं. ‘द घोस्ट्स’ या १८७८च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो यावर चांगलाच कडाडलाय: माझी व्याख्यानं इतकी मोडूनतोडून छापली गेली की स्वतःला न्याय म्हणून मीच ती छापतो आहे. हे जुने संग्रहही आज जालावर फुकट आहेत आणि स्वस्त पुनर्मुद्रणांत अधिकृत मजकुराच्या शेजारी बसतात. ओळखायचे कसे? ‘इंगरसॉल्स लेक्चर ऑन हेल’, ‘स्कल्स’ अशी शीर्षकं दिसली की थांबावं. ड्रेस्डेनच्या पहिल्या चार खंडांच्या अनुक्रमणिकेत ती नाहीत. ऐकू येणारा माणूस या टिपणांत जास्त जिवंत वाटतो, हे खरं. पण उद्धृत करायला ती निरुपयोगी.

मागणीनुसार छापून देणारे सुटे खंड घेताना अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘समग्र’ असं मुखपृष्ठावर लिहून आत एकच खंड असतो. एकच छापील पुस्तक हवं असेल तर टिम पेजने संपादित केलेली २००५ची निवड आटोपशीर आहे. रॉजर ग्रीलीचं संकलन विषयवार उताऱ्यांचं आहे: भाषणासाठी अवतरण शोधणाऱ्याला सोयीचं, पण इंगरसॉल समजून घेणाऱ्याला घातक. त्याचा युक्तिवाद चढत जातो. मधलंच वाक्य उचललं की फक्त चमक उरते.

व्याख्यानांत व्याख्यानं

सगळ्यात गाजलेलं ‘द गॉड्स’, १८७२चं. माणूस आपल्यासारखेच देव घडवतो, हा त्याचा गाभा. प्रसिद्धीमुळे सगळे इथूनच सुरू करतात आणि इथेच फसतात. लांबी भरपूर, दाखल्यांची रास, आणि उत्तरार्धातला तर्क एकोणिसाव्या शतकाच्या भौतिकशास्त्रावर टेकलेला. तोच तर्क त्याच्या शेवटच्या जाहीर भाषणात, जून १८९९च्या ‘व्हॉट इज रिलिजन?’ मध्ये, चार कोनशिलांच्या रूपात नेटका मांडलाय: पदार्थ नष्ट होत नाही, शक्ती नष्ट होत नाही, दोन्ही एकमेकांवाचून असत नाहीत, आणि जे नष्ट होत नाही ते निर्माणही झालेलं नसणार. तर्क वाचायचा असेल तर इथे वाचा. भाषण लहान आहे. मात्र आजच्या वादात तो जसाच्या तसा वापरला तर पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी दोन मिनिटांत अडवेल: पदार्थ आणि ऊर्जा यांचं नातं १९०५ नंतर वेगळं समजलं गेलं, आणि विश्वाच्या आरंभाचा प्रश्नही आता त्या जागी राहिलेला नाही.

याच भाषणात आई व्हायचं की नाही हे स्त्रीने ठरवावं, विज्ञानाने तिला तिच्या शरीराची मालकीण करावं, अशी मागणी आहे. र. धों. कर्वे वाचलेल्या मराठी वाचकाला ती ओळखीची वाटेल. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं १९२७ मध्ये, म्हणजे या भाषणानंतर अठ्ठावीस वर्षांनी. त्याच परिच्छेदांत गरीब, अडाणी आणि दुर्गुणी लोकांच्या संततीबद्दल जे लिहिलंय ते आज खटकतं, खटकायलाच हवं. अनुवादकाने ते गाळू नये.

‘सम मिस्टेक्स ऑफ मोझेस’ (१८७९) सगळ्यात हसवणारं आहे, आणि मराठी वाचकासाठी सगळ्यात अवघडही. बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांची उलटतपासणी आहे ती. ते ग्रंथ ठाऊक नसतील तर निम्मे टोमणे डोक्यावरून जातात. आधी उत्पत्तीची पहिली अकरा प्रकरणं मराठी बायबलात वाचून घ्यावीत, तासाभराचं काम आहे. मग जलप्रलयाचा हिशेब खुलतो. सगळे डोंगर बुडायचे तर चाळीस दिवसांत रोज किती पाऊस हवा? व्याख्यानात तो सुमारे आठशे फूट सांगतो. एव्हरेस्टची २९ हजार फूट उंची धरून भागाकार केला तर सव्वासातशेच्या आसपास येतात. व्यासपीठावरचा आकडा असा गोल असतो. मुद्दा त्याने बिघडत नाही, पण त्याचे आकडे पडताळल्याशिवाय पुढे देऊ नयेत, एवढं यातून कळतं.

याच्या उलट टोकाला ‘द लिबर्टी ऑफ मॅन, वुमन अँड चाइल्ड’ (१८७७). बायबल जवळजवळ न वाचलेल्यालाही हे समजतं. कवट्या आणि होड्या यांच्या रांगांमधून माणसाची वाटचाल दाखवत तो घराकडे वळतो: बायकोकडून घरखर्चाचा हिशेब मागणारा नवरा, मुलाला मारणारा बाप. धर्मचर्चेपेक्षा घरातल्या सत्तेबद्दलचा इंगरसॉल जास्त टिकलाय, हे आमचं मत या व्याख्यानावरूनच बनलं आहे. विषय जवळचा असल्याने वाचनकट्ट्यावर मोठ्याने वाचायला हेच निवडावं.

आणि सुरुवातीसाठी? ‘व्हाय आय ॲम ॲन ॲग्नॉस्टिक’, १८९६, खंड चौथा. धर्मभावना चेतवणाऱ्या ‘रिव्हायवल’ सभा, नरकाची वर्णनं, घरातला रविवार यांपासून सुरुवात होते आणि विज्ञान, इतर धर्म, मग निष्कर्ष अशी चढण आहे. भाषा परिपक्व, राग निवलेला. एक घोळ टाळा: जवळजवळ याच नावाचा, शब्दांची फक्त जागा बदललेला, एक निबंध अकराव्या खंडात आहे. तो ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’साठी लिहिलेला वेगळा मजकूर. दोन्ही चांगले आहेत, पण एकाऐवजी दुसरा वाचून संदर्भ दिला तर पंचाईत होते.

वाद: पाचवा खंड की सहावा

व्याख्यानात समोर उत्तर देणारं कुणी नसतं, आणि इंगरसॉलची खरी कसोटी समोर कुणी असताना लागते. पाचव्या खंडात धर्मोपदेशक टॅल्मेजला दिलेली उत्तरं आहेत, सहा मुलाखतींच्या रूपात. विनोदी आहेत. पण टॅल्मेज फक्त प्रश्नांतून डोकावतो, त्यामुळे कुस्ती एकतर्फी होते आणि शंभर पानांनंतर हसू विरतं.

सहाव्या खंडात मात्र दोन्ही बाजू छापल्या आहेत. १८८१ मध्ये अमेरिकेचा माजी ॲटर्नी जनरल जेरेमाया ब्लॅक, १८८७ मध्ये प्रेस्बिटेरियन संपादक हेन्री फील्ड, १८८८ मध्ये ब्रिटनचा माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन आणि त्याच वर्षी कार्डिनल मॅनिंग. चारही वाद ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’तले. ब्लॅक चिडतो, आणि चिडलेल्या प्रतिपक्षापुढे इंगरसॉलही सैल सुटतो. फील्डशी झालेला वाद सर्वांत सभ्य: दोघे एकमेकांना माणूस म्हणून मान देतात, आणि त्यामुळे मतभेद कुठे आहे ते नेमकं दिसतं. ग्लॅडस्टनची वाक्यं लांबलचक, पोटवाक्यांनी गच्च. इंगरसॉल त्यांना तुकड्या-तुकड्यांनी उद्धृत करून प्रत्येकाला उत्तर देतो. नवसापोटी मुलीचा बळी देणाऱ्या बायबलमधल्या इफ्ताहावरून त्यांची जुंपते ती पानं चुकवू नयेत. मॅनिंगशी झालेला वाद चर्चच्या इतिहासावर आहे. त्यात रस नसेल तर सोडला तरी चालेल.

निवड सोपी आहे. एकच वाद वाचायचा तर फील्ड, आणि क्रमाने: त्याचं खुलं पत्र, इंगरसॉलचं उत्तर, मग पुढची पत्रं. इंगरसॉलचीच उत्तरं सलग वाचण्याचा मोह होतो. तसं केलं की वाद संपून व्याख्यानच उरतं.

बायबलवर टीका करणारा अठराव्या शतकातला लेखक थॉमस पेन, त्याच्यासंबंधीचं लेखन यातच वेगळं काढून ठेवावं. जोतीराव फुल्यांच्या वाचनातला पेन ज्यांना माहीत आहे त्यांना हा दुवा मोलाचा. पहिल्या खंडातलं १८७०चं व्याख्यान पेनचा गौरव करतं. पाचव्या खंडातलं १८७७चं ‘व्हिंडिकेशन’ पुराव्यांवर उभं आहे. पेन पश्चात्तापाने, भीतीने तळमळत मेला असं सिद्ध करणाऱ्याला त्याने हजार डॉलर सोन्यात देऊ केले होते, आणि ‘न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर’ या धार्मिक पत्राने ते आव्हान उचललं. साक्षीदार कोण, त्याने कधी सांगितलं, किती वर्षांनी, ऐकीव की पाहिलेलं: वकील इंगरसॉल कसा काम करतो ते पाहायला याहून चांगली जागा नाही. दोनांपैकी एक निवडायचं तर दुसरं.

न्यायालय, राजकारण, थडगं

दहावा खंड वकील सोडून इतरांनी उघडू नये. टपालकंत्राटांतल्या घोटाळ्याचे ‘स्टार रूट’ खटले पानोपानी आहेत. न्यायालयातला इंगरसॉल हवा असेल तर अकराव्या खंडातलं, धर्मावर टीका करणारा प्रचारक सी. बी. रेनॉल्ड्स याच्या बचावाचं भाषण घ्या: न्यूजर्सीतलं मॉरिसटाउन, मे १८८७, आरोप ईशनिंदेचा. खटला हरला. रेनॉल्ड्सला पंचवीस डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च झाला, तो इंगरसॉलने स्वतःच भरला. त्याच खंडात ऑक्टोबर १८८३चं नागरी हक्कांवरचं भाषण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८७५चा नागरी हक्क कायदा मोडीत काढला, त्याविरुद्धचं. सभेत त्याची ओळख गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लस याने करून दिली होती. घटनेच्या दुरुस्त्या अक्षरशः वाचत केलेला हा युक्तिवाद आहे, अलंकार कमी. धर्मावरचा इंगरसॉल भडक वाटणाऱ्याला हा आधी द्यावा.

नवव्या खंडातली प्रचारभाषणं आता पक्षीय धुरळा आहेत. सप्टेंबर १८७६च्या इंडियानापोलिसच्या भाषणात युद्धाचं सुंदर शब्दचित्र आहे, आणि आजूबाजूला डेमोक्रॅटिक पक्षाला घातलेल्या शिव्यांचा खच. ते चित्र तेवढं वाचून पुढे व्हावं.

स्मृतिभाषणं सर्वांत लहान. भाऊ इबॉन क्लार्कच्या अंत्यविधीला, २ जून १८७९ला वॉशिंग्टनमध्ये वाचलेलं, पाच-सहा मिनिटांचं. जानेवारी १८८२चं एका मुलाच्या थडग्यापाशी. ३० मार्च १८९२ला कॅमडेनमध्ये कवी वॉल्ट व्हिटमनसाठी. मराठीत अनुवाद करून पाहायचा असेल तर इबॉनवरच्या भाषणापासून सुरुवात करावी, पण शेवटाकडे एक खड्डा आहे. मृत्यूच्या रात्री आशेला तारा दिसतो, प्रेमाला पंखांची सळसळ ऐकू येते, असं तिथे येतं, आणि विरोधकांनी तेच धरून ‘अखेर हाही परलोक मानतोच’ असं म्हटलं. मूळ वाक्यात पाहणारी आशा आहे आणि ऐकणारं प्रेम. वक्ता स्वतः काही पाहिल्याचं म्हणत नाही. मराठीत ‘आत्मा’, ‘स्वर्गवासी’, ‘पैलतीर’ यांपैकी एकही शब्द तिथे सरकला की तो फरक पुसला जातो.