ईआरपीनेक्स्टचं मॅन्युफॅक्चरिंग मॉड्यूल: गाळ्यातल्या कारखान्याला किती उपयोगाचं?

साकीनाका, वागळे इस्टेट, रबाळे किंवा वसईच्या गाळ्यात शीटमेटलचं काम करणाऱ्या कुठल्याही मालकाला एक निर्णय चुकत नाही. भाव उतरवून मोठ्या ऑर्डरी घ्यायच्या, की छोटे लॉट लवकर देऊन दोन पैसे जास्त घ्यायचे? मुंबईचं भाडं देऊन राजकोट-लुधियानाच्या भावाशी भिडणं अवघड, म्हणून बहुतेक जण दुसरा रस्ता धरतात. पण हे ठरतं ऑफिसात. खाली सुपरवायझर बसवलेली डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) लगेच काढायला नको म्हणून १०० नगांच्या ऑर्डरीवर ५०० नग काढून ठेवतो. खरेदीवाला भाव चांगला मिळाला म्हणून महिनाभराचा पत्रा एकदम उचलतो. पावडर कोटिंगवाला एका रंगाचा पुरेसा माल जमेपर्यंत थांबतो. ज्याचं त्याचं बरोबर असतं, आणि 'लवकर देऊ' म्हणून घेतलेली ऑर्डर तरीही दहा दिवस उशिरा जाते.

ईआरपीनेक्स्ट इथे तपासलं आहे ते एवढ्याचसाठी: मालकाचा निर्णय मशीनपर्यंत पोचवायला ते किती कामाला येतं? अकाउंट्स आणि जीएसटी सांभाळणारी सॉफ्टवेअरं बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे तो भाग इथे बाजूला ठेवला आहे. हे सॉफ्टवेअर मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीचं. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी ईआरपी, म्हणजे धंद्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवताना आलेल्या अडचणींतून त्याची सुरुवात झाली, आणि कारखान्याच्या गरजा ओळखणाऱ्या माणसाचा हात त्यात जागोजागी दिसतो. ते ओपन सोर्स आहे, जीपीएल ३ परवान्याखाली. परवान्याचे पैसे नाहीत. खर्च येतो तो होस्टिंगचा आणि त्याहून कितीतरी जास्त माहिती नीट भरणाऱ्या माणसाच्या वेळेचा.

सगळा डोलारा बीओएमवर, म्हणजे एका नगाला काय काय लागतं त्या यादीवर उभा आहे, आणि पहिली चूक तिथेच होते. १.६ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचा एक ब्रॅकेट घ्या, उलगडलेला आकार २०० × १५० मिमी. त्याचं निव्वळ वजन ०.३७७ किलो येतं. ड्रॉइंगवर हेच लिहिलेलं असतं आणि बीओएममध्येही हेच भरलं जातं. पण २५०० × १२५० चा पत्रा ३९.२५ किलोचा, आणि त्यातून कापाची जागा धरून ९६ नग निघतात. म्हणजे नगामागे पत्रा लागतो ०.४०९ किलो. हजार नगांमागे ३२ किलोचा फरक पडतो, आणि वर्षाच्या शेवटी 'चोरी झाली की काय' अशी चर्चा सुरू होते. बीओएममध्ये हे ०.४०९ किलोचं पूर्ण वजन भरा आणि त्याच बीओएमच्या स्क्रॅपच्या तक्त्यात ०.०३२ किलो भंगार दाखवा. भंगाराला वेगळं गोदाम द्या, म्हणजे विकलेल्या भंगाराचं वजनही जुळवता येतं.

सबमिट केलेल्या बीओएममधलं प्रमाण बदलता येत नाही, नवीन आवृत्ती काढावी लागते. सुरुवातीला याचा वैताग येतो, पण हे बंधन योग्य आहे. जुन्या वर्क ऑर्डरी (कारखान्याला माल बनवायला दिलेले आदेश) जुन्या आवृत्तीवरच राहतात, त्यामुळे कुठला माल कुठल्या ड्रॉइंगने बनला ते वर्षभरानेही सापडतं. एकच उपभाग वीस असेंब्लींमध्ये असेल तर बीओएम अपडेट टूलने सगळीकडे एकदम नवीन आवृत्ती लावता येते. मात्र नवीन आवृत्तीवर 'डीफॉल्ट'ची खूण करायला विसरलं की पुढच्या ऑर्डरीही जुन्याच मापाने निघत राहतात.

आता मुद्द्याचा भाग: ऑपरेशन्सचा, म्हणजे नगावर होणाऱ्या एकेका कामाचा तक्ता. बेंडिंगला एका नगाला ४० सेकंद लागतात आणि सेटिंगला, म्हणजे डाय बदलून मशीन कामासाठी तयार करायला, ४५ मिनिटं, असं धरू. मशीनचा तासाचा दर ४८० रुपये धरला, तर १०० नगांच्या लॉटला बेंडिंगचा खर्च नगामागे ८ रुपये ९३ पैसे आणि १००० नगांच्या लॉटला ५ रुपये ६९ पैसे. सुपरवायझर डाय काढत नाही त्यामागे हा ३ रुपये २४ पैशांचा फरक आहे, आणि त्याच्या जागी तो चुकत नाही. सेटिंग १५ मिनिटांवर आणलं तर १०० नगांच्या लॉटचा खर्च ६ रुपये ५३ पैसे आणि १००० नगांच्या लॉटचा ५ रुपये ४५ पैसे होतो, फरक उरतो १ रुपया ८ पैशांचा. छोटे लॉट लवकर द्यायचे असं ठरवणाऱ्या मालकाचं खरं काम मग सेटिंगची ३० मिनिटं वाचवणं हे ठरतं. पुढच्या कामाचा पंच आणि डाय आधीच ट्रॉलीवर काढून ठेवणं, बॅकगेजची (पत्रा किती आत सरकवायचा ते ठरवणाऱ्या आडव्या पट्टीची) मापं कार्डावर लिहून ठेवणं, पहिला नग तपासायचं गेज मशीनपाशी तयार असणं, आणि एकाच जाडीची कामं पाठोपाठ लावणं. व्ही-डायचं तोंड साधारण जाडीच्या आठपट लागतं, म्हणजे १.६ मिमीला १२ चा व्ही. दिवसभर १.६ चीच कामं लागली तर डाय एकदाच बसते.

हा फरक सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तो सेटिंग आणि काम या दोन वेगळ्या ओळी भरल्या तरच. सेटिंगच्या ओळीला 'फिक्स्ड टाइम'ची खूण करायची, म्हणजे नग कितीही असले तरी वेळ तेवढाच धरला जातो. बरेच जण दोन्ही एकत्र करून 'नगाला १ मिनिट' असं सरासरीने भरतात. मग १०० नगांची ऑर्डर खऱ्यापेक्षा स्वस्त आणि १००० ची महाग दिसते, कोटेशन नेमकं उलट्या बाजूला झुकतं, आणि मोठ्या ऑर्डरी हातातून जातात.

तासाचा दर वर्कस्टेशनच्या, म्हणजे मशीनच्या, फॉर्ममध्ये भरायचा: वीज, खपाऊ माल, भाडं आणि मजुरी. मुंबईत यातला भाड्याचा रकाना सगळ्यात फसवा. गाळ्याचं भाडं ६० हजार आणि मशीनं ६ असली की प्रत्येकी १० हजार. एका पाळीचे महिन्याला २०८ तास धरले तर तासाला ४८ रुपये. पण मशीन खरंच १२० तासच चालत असेल तर ८३ रुपये. दर खऱ्या चाललेल्या तासांवर काढा. जागाही समसमान वाटू नका. प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) पुढेमागे पत्रा फिरवायला जेवढी जागा खातो तेवढी बेंच ड्रिल खात नाही.

क्षमतेचं नियोजन हा या मॉड्यूलचा सर्वात उपयोगी आणि त्याच वेळी सर्वात कमकुवत भाग. वर्क ऑर्डर सबमिट केली की प्रत्येक ऑपरेशनला त्या मशीनवर मोकळी वेळ शोधली जाते. ठरलेल्या दिवसांत, जे मुळात ३० असतात, जागा मिळाली नाही तर स्लॉट सापडत नाही असा संदेश येतो आणि ऑर्डर अडते. वैतागून लोक सेटिंग्जमध्ये जाऊन क्षमतेचं नियोजनच बंद करून टाकतात. तसं करू नका. ज्या ऑपरेशनचं नाव त्या संदेशात वारंवार येतं त्याच्या मशीनवरच तुमचा कारखाना अडतोय, आणि पुढचा पैसा कुठे घालायचा ते त्यावरूनच ठरवता येतं.

मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. जागा मिळते ती सबमिट करण्याच्या क्रमाने. आज आलेली तातडीची ऑर्डर कालच्या निवांत ऑर्डरीला आपोआप मागे सारत नाही. जॉब कार्डांच्या (एकेका ऑपरेशनच्या कामाच्या चिठ्ठ्यांच्या) वेळा हाताने हलवाव्या लागतात. एका जाडीची कामं एकत्र लावून सेटिंग वाचवणं त्याला सुचत नाही. यावर चालणारा उपाय असा: अडणाऱ्या मशीनचे कामाचे तास फॉर्ममध्ये पूर्ण भरूच नका. चहा, जेवण, साफसफाई वजा जाता पाळीत साडेसहा तास खरे मिळत असतील आणि तुम्ही ८ भरले, तर सहा दिवसांत ९ तास, म्हणजे एका पाळीहून जास्त काम मागे पडतं. साडेसहातलाही तासभर तातडीच्या कामांसाठी राखून साडेपाचच भरा. जो वेग विकतो त्याला हा मोकळा तास परवडायलाच हवा. आणि सुट्ट्यांची यादी मनापासून भरा: गणपतीला कोकणात जाणारे फिटर आणि छठला गावी जाणारे वेल्डर धरून. फक्त सरकारी सुट्ट्या भरल्या की सणांच्या महिन्यांचा प्लॅन कागदावरच राहतो.

बाहेरच्या जॉबवर्कसाठी आवृत्ती १४ पासून सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर आणि सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीट हे वेगळे फॉर्म आहेत, आणि ही सोय खरोखर चांगली आहे. पुरवठादाराच्या नावाचं गोदाम उघडायचं. माल पाठवला की तिथे जातो, कोट होऊन परत आला की तिथून वजा होतो. प्लेटिंगवाल्याकडे आपले किती नग पडून आहेत याचं उत्तर फोन न लावता मिळतं. कायद्यासाठीही ते लागतंच: जॉबवर्कला चलनावर पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवल्या दिवसापासून तो पुरवठा धरला जातो, आणि आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरणपत्र) भरताना हाच हिशोब मागितला जातो, उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. एक सूचना: रंगागणिक वेगळा आयटम कोड करा. भट्टीत पावडर पक्की व्हायला १८०–२०० अंशांवर १० ते २० मिनिटं पुरतात, दिवस जातात ते रंगाची पाळी येण्यात. रोज चालणारा आरएएल ७०३५ (रंगांच्या प्रमाणित यादीतला क्रमांक) करडा आणि कधीमधी लागणारा केशरी यांना एकच 'लीड टाइम' (माल हातात यायला लागणारे दिवस) दिलात तर केशरीची प्रत्येक ऑर्डर चुकणार.

जॉब कार्डवर कामगाराने 'सुरू', 'थांबवलं', 'झालं' एवढंच दाबायचं असतं. तेलकट हातांनी आणि हातमोज्यांनी टॅबलेट चालत नाही, म्हणून बारकोड असलेलं कार्ड छापून मशीनपाशी लटकवणं आणि स्कॅनर सुपरवायझरकडे ठेवणं सोयीचं पडतं. इंग्रजी शब्द अडत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची भाषांतरं भरता येतात. 'वर्कस्टेशन'ऐवजी 'मशीन', 'जॉब कार्ड'ऐवजी 'कामाची चिठ्ठी' लिहा, स्वीकार लवकर होतो. संध्याकाळी सगळी कार्डं एकदम अंदाजाने भरायची सवय लागू देऊ नका. त्या आकड्यांवर सेटिंग ४५ मिनिटं आहे की ७० हे कधीच कळत नाही.

तशीच एक सेटिंग कच्च्या मालाची. तयार नगांची नोंद होताना कच्चा माल बीओएमप्रमाणे वजा करायचा की खरोखर मशीनकडे दिला तेवढा, ते निवडता येतं. मुळातली निवड बीओएमची. ती ठेवली की वाया गेलेला पत्रा हिशोबात दिसतच नाही, आणि सगळी तफावत मोजणीच्या दिवशी एकदम वर येते. पत्रा, पितळ, तांबं यांसारखा महागडा माल लागत असेल तर दिलेल्या प्रमाणात वजा करा. ही निवड आयटमागणिक बदलता येत नाही.

वचन पाळलं जातंय का, हे सेल्स ऑर्डर अ‍ॅनालिसिस या अहवालातल्या विलंबाच्या रकान्यात बघायचं. सेल्स ऑर्डरमध्ये डिलिव्हरीची तारीख गिऱ्हाइकाला सांगितलेलीच टाका. बऱ्याच ठिकाणी तिथे सरसकट महिनाअखेर टाकतात, आणि मग अहवालात कोणीच उशीर करत नाही.

सुरुवात सगळ्या मालाने करू नये. एकसारख्या मालाचा एकच गट घ्या, दहा-बारा आयटमांचा, त्यांचे बीओएम तराजूवर वजन करून आणि घड्याळ लावून भरा, आणि महिनाभर जुन्या वहीबरोबर चालवा. दोन मशीनं आणि एकच गिऱ्हाईक असलेल्या वर्कशॉपला याची गरज नाही. फळ्यावर खडूने लिहिलेला क्रम तिथे जास्त चांगला चालतो. शेकडो ऑर्डरींचा क्रम दर तासाला बदलणाऱ्या कारखान्याला वेगळं शेड्युलिंग सॉफ्टवेअर जोडावं लागेल. मधल्या सगळ्यांना, साधारण दहा ते साठ माणसांच्या कारखान्यांना, आमच्या मते ते घेण्याजोगं आहे.

सर्व्हर गाळ्यातच ठेवणार असाल तर तळमजल्यावर नको, पोटमाळ्यावर ठेवा. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या इस्टेटींत कोणीही दाखवेल. रोजचा बॅकअप बाहेर पाठवताना डेटाबेसबरोबर साइटची कॉन्फिग फाइलही पाठवा. साठवलेल्या पासवर्डांची किल्ली तिच्यात असते, आणि ती नसेल तर परत उभं केलेलं सॉफ्टवेअर चालू होतं पण ई-इनव्हॉइस आणि ईमेलची जोडणी पुन्हा पहिल्यापासून करत बसावी लागते.