कोऱ्या रकान्याखाली सही केली आणि १,१७,७०० रुपये गेले

एकतीस वर्षं बँकेत काढली. काउंटरवरच्या म्हाताऱ्यांना रोज बजावायचे, "आजोबा, कोऱ्या जागेवर सही करू नका." आणि मीच केली. लिहायलाही लाज वाटते, पण माझं पुस्तक छापायला घेतलेल्या त्या प्रकाशकाचा धंदा अजून जोरात चालू आहे.

माझं पुस्तक अठराव्या शतकातल्या युरोपातल्या लेखक-प्रकाशकांवर. हसा खुशाल. पॅरिसचा ल ब्रतों हा दिदरो या फ्रेंच लेखकाने संपादलेल्या विश्वकोशाचा प्रकाशक. दिदरोने प्रुफं तपासून सही केली की हा गुपचूप त्यातला तिखट मजकूर कापायचा, मूळ हस्तलिखितं जाळायचा. १७६४ साली 'एस' अक्षरातली एक नोंद चाळताना दिदरोला ते दिसलं. तोवर उरलेल्या खंडांची बहुतेक छपाई उरकली होती. हे मी स्वतः लिहिलंय, चार वेळा तपासलंय!

छपाईचे ७८,५००. आधी ४०,०००, प्रुफांच्या वेळी ३८,५००. शिवाय पूर्वनोंदणी, ११२ जण, प्रत्येकी ३५०, म्हणजे ३९,२००, थेट त्याच्या खात्यात. तो म्हणाला, "मॅडम, तुमचा तो विश्वकोशही असाच वर्गणीवर निघाला ना?" निघाला की. १७५० मध्ये दहा खंड २८० लिव्रला (तेव्हाचं फ्रेंच नाणं) कबूल केले, शेवटी अठ्ठावीस झाले आणि वर्गणीदारांना ९८० मोजावे लागले. लुनो नावाचा वर्गणीदार कोर्टात गेला, वर्षानुवर्षं भांडला आणि हरला. पण त्या लोकांना खंड तरी मिळाले.

करारात 'प्रती'पुढे नुसती रेघ होती. मी विचारलं, "पाचशे लिहू ना?" त्याने टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "कागदाचा भाव बघून मी भरतो. तुम्ही सही करा, चहा निवतोय." आणि मला चहाची काळजी! तिथेच उठायला हवं होतं. पुढे सतरा फॉर्मांपैकी (एक फॉर्म म्हणजे एकत्र छापलेली सोळा पानं) चौदाचीच प्रुफं आली. "तीन मागाहून देतो" म्हणाला, मंजुरीची सही मात्र अख्ख्या पुस्तकाला घेतली. फॉर्म मोजा हो, मोजा!

हाती आल्या ६० प्रती, २२४ पानांच्या. शेवटची ४८ पानं, दोन प्रकरणं आणि सूची, गायब. ल ब्रतोंने निदान सरकारच्या धाकाने कापलं. याने कागद वाचवला.

मी काही बावळट नाही. दोन लेखकांना फोन करून चौकशी केली होती. नंबर त्यानेच दिले होते. तुम्ही स्वतः शोधा, आणि छापखान्याचं बिल बघितल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.

पोलीस म्हणाले, "बाई, करार आहे, सही तुमची, दिवाणी मामला." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. पुन्हा ठाण्यात गेले तर अर्ज सापडेना, नवा लिहून द्या. एका साहेबांनी पुस्तक कशावर ते विचारलं, मी सांगितलं, आणि आजूबाजूची तीन टेबलं हसली. ग्राहक आयोगासाठी वकील गाठला, तर त्याने पहिला प्रश्न केला, "करारात आकडा कुठे आहे?" साहित्य संस्थेत तर चहा पाजून सांगितलं, ते आमचे जुने सभासद, आपसात मिटवा. कसलं आपसात? तो फोन उचलत नाही!

साठ प्रती नोंदणीच्या क्रमाने वाटल्या. उरलेल्या बावन्न जणांचे ३५० पेन्शनमधून फेडतेय. काल भावजयीने विचारलं, "वन्सं, पुस्तक कधी येतंय?" तिचा नंबर एकसष्टावा.