चेकइन्स्टॉल, रास्पबेरी पाय ३ वर आठ महिने: डिपेन्डन्सीचं तेवढं बघा

रास्पबेरी पाय ३ या छोट्या लिनक्स संगणकावर पॅकेजेस सांभाळणाऱ्या ॲप्टचं 'ऑटोरिमूव्ह' (नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) चालवलं आणि सोर्स कोड कंपाइल करून चेकइन्स्टॉलने बसवलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी उठलाच नाही. लायब्ररी सापडत नाही, एवढाच एरर. चूक ॲप्टची नाही. चेकइन्स्टॉल 'मेक इन्स्टॉल'वर (कंपाइल झालेला प्रोग्रॅम बसवणाऱ्या आज्ञेवर) पाळत ठेवून फाइली नोंदवतं आणि त्यांचं ॲप्टला चालणारं डेब पॅकेज बांधतं, पण ते पॅकेज कोणत्या लायब्रऱ्यांवर चालतं हे स्वतःहून त्यात लिहीत नाही. १६ जीबीच्या कार्डावर जागा वाचवायला कंपाइलनंतर डेव्ह पॅकेजेस (फक्त कंपाइलला लागणारी) काढावीच लागतात. मग त्यांच्यासोबत आलेल्या मूळ लायब्रऱ्या ॲप्टला निरुपयोगी वाटतात आणि त्याही जातात. इतक्या जुन्या साधनात ही उणीव अजून असावी, याचा खरंच राग येतो.

उपाय हाताने करावा लागतो. बायनरीवर, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमवर, 'ऑब्जडंप' चालवून 'नीडेड' लिहिलेल्या ओळी काढायच्या. त्यातलं प्रत्येक फाइलनाव 'डीपीकेजी'च्या (बसवलेल्या पॅकेजेसची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) शोधात टाकलं की पॅकेजचं नाव मिळतं. ती नावं मध्ये जागा न सोडता स्वल्पविरामाने जोडून चेकइन्स्टॉलच्या 'रिक्वायर्स' पर्यायाला द्यायची. चालू असताना उघडली जाणारी प्लगिन्स यात दिसत नाहीत, ती आपणच लिहायची.

दोन महिन्यांनी हे साधन सोडून द्यावं असंच मत झालं होतं. हे सगळं शेल स्क्रिप्टमध्ये घातल्यावर ते बदललं. प्रश्न न विचारण्याचा पर्याय द्या, नाव आणि आवृत्तीही स्वतः द्या. गिटवरून घेतलेल्या फोल्डरच्या नावात आवृत्ती नसते, आणि डेबची आवृत्ती अंकानेच सुरू व्हावी लागते, नाहीतर पॅकेज बनत नाही. फोल्डर नाही म्हणून काम मध्येच अडलं तर चेकइन्स्टॉलचा 'एफएसट्रान्स' पर्याय (फाइली आधी तात्पुरत्या जागी बसवणारा) बंद करा. रिपॉझिटरीत त्याच नावाची नवी आवृत्ती आली की अपग्रेडमध्ये आपलं पॅकेज पुसलं जातं, म्हणून शेवटी ॲप्टचा 'होल्ड' (पॅकेज आहे त्या आवृत्तीवर थांबवणारा) लावायचाच.

१ जीबी रॅमवर मोठं सी प्लस प्लस एकाच वेळी चार जॉब्सने कंपाइल केलं तर मेमरी संपून कर्नल कंपायलरलाच मारतो. दोन जॉब्स आणि झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) पुरतात, कार्डावर स्वॅप ठेवून ते झिजवू नका. कंपाइलचे निकाल साठवणाऱ्या सीकॅशची मर्यादा मुळात ५ जीबी असते, ती १ जीबी करा. मुंबईच्या मे महिन्यात बंद खोलीत रास्पबेरी पाय तापतो आणि वेग कमी करतो. लॅमिंग्टन रोडवरचा साधा हीटसिंक लावा, पंख्याचा खर्च नंतर बघा.

तेच पॅकेज मूळ रास्पबेरी पाय झिरोवर न्यायचं असेल तर कंपायलरचा 'नेटिव्ह' फ्लॅग (कंपाइल करणाऱ्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) अजिबात नको. मूळ झिरोचा प्रोसेसर जुन्या एआरएमव्ही६ प्रकारचा आहे, तिथे 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येऊन प्रोग्रॅम पडतो.