पॉम्पेई एका दिवसात: रोमहून बसची गाइडेड सहल की रेल्वेने आपलं आपण?

रोमला जाणारे बहुतेक जण पॉम्पेईसाठी, म्हणजे इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या गावासाठी, एक दिवस काढतातच. अडतं ते कसं जायचं यावर. सकाळी सात वाजता शहरातून निघणारी, तिकीट, गाइड आणि जेवण सगळं एकत्र असलेली बसची सहल घ्यावी, की नेपल्सपर्यंत वेगवान रेल्वे, पुढे लोकल, आणि गाइड फक्त अवशेषांपुरता घ्यावा? मी दोन्ही केलं आहे. आई-बाबांना घेऊन बसने गेलो, नंतर बायकोबरोबर रेल्वेने. खाली लिहितोय ते त्या अनुभवावरून. तुमचे सोबती आणि तुमचा ऋतू वेगळा असेल तर हिशेब थोडा बदलेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती दोन्हीकडे सारखी आहे. गाइड घ्याच. पॉम्पेईत पाट्या फार कमी आहेत. नकाशा हातात धरून फिरलं तर तासाभरात सगळ्या भिंती एकसारख्या वाटायला लागतात. गाइड जे दाखवतो ते पायाखाली असतं. रस्त्यात रांगेने बसवलेले उंच दगड दिसतात. पावसाच्या नि सांडपाण्याच्या लोंढ्यात पाय न भिजवता पलीकडे जाता यावं म्हणून ते बसवले, आणि दोन दगडांमधली जागा गाडीची चाकं निघतील अशी बेताने सोडली. त्याच फटींतून चाकांनी लाव्हाच्या फरसबंदीत बोटभर खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. दुकानांच्या दगडी उंबऱ्याकडे आमच्या गाइडने मुद्दाम वाकून पाहायला लावलं. उंबऱ्यात एक लांब खाच कोरलेली असते आणि एका टोकाला दाराच्या बिजागरीचं भोक. आपल्याकडे जुन्या बाजारपेठेत दुकानदार खाचेत एकेक फळी सरकवून दुकान बंद करायचे, अगदी तीच रीत. एवढं कळलं की पुढच्या प्रत्येक उंबऱ्यावरून दुकान कुठलं नि घर कुठलं, हे आपलं आपल्याला ओळखता येतं. ही नजर देणारा माणूस सोबत हवाच. प्रश्न फक्त त्याला दोन तासांसाठी घ्यायचं की अख्खा दिवस त्याच्या हाती द्यायचा, एवढाच आहे.

बसच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. रोमपासून पॉम्पेई साधारण 240 किलोमीटर, एका बाजूचे अडीच ते तीन तास. एसी बस, वाटेत चहा-कॉफीचा थांबा, सामान बसमध्ये ठेवून मोकळ्या हाताने आत जाता येतं. नोव्हेंबर 2024 पासून पॉम्पेईत दिवसाला 20 हजार लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव छापलेलं असतं. ही सगळी जुळवाजुळव सहलवाले करतात. आईचे गुडघे दुखतात. नेपल्सच्या स्टेशनात जिने चढ-उतार करून लोकल पकडायची वेळ तिच्यावर आली नाही, याचं मला खरंच समाधान वाटलं. गाइडबाई जाणकार होत्या, इंग्रजी स्वच्छ, आणि वयस्कर माणसांसाठी त्या सावलीत थांबून बोलायच्या.

तरीही माझा कौल फिरला तो एका थांब्यामुळे.

साडेदहाच्या सुमारास व्हेसुव्हियस खिडकीतून दिसायला लागला आणि बसमधले सगळे कॅमेरे सरसावून बसले. बस प्रवेशद्वारापाशी न जाता एका मोठ्या इमारतीसमोर उभी राहिली. स्वच्छतागृहाची सोय इथे चांगली आहे, दहा मिनिटं थांबू, असं सांगितलं गेलं. आत कॅमिओ (शिंपल्यात कोरलेली उठावाची चित्रं) आणि पोवळ्याच्या दागिन्यांचं दुकान होतं. हा भाग, विशेषतः शेजारचं तोर्रे देल ग्रेको, या कलेसाठी खरोखर नावाजलेला आहे, आणि दारातच बसलेला कारागीर पाहण्यासारखा होता. शिंपल्याचा तुकडा लाखेने लाकडी दांडीवर चिकटवलेला, हातात टोकदार कोरणी, आणि वरचा पांढरा थर खरवडत तो त्यातून एका बाईचा चेहरा काढत होता. खालचा तपकिरी थर आपोआप पार्श्वभूमी होत होता. पाच मिनिटं मी तिथून हललो नाही. पण त्यानंतर प्रात्यक्षिक झालं, मग भाषण, मग काचेच्या कपाटांचं दालन, मग सवलतीची घोषणा. दहाची पस्तीस-चाळीस मिनिटं झाली. ड्रायव्हर कुठे दिसेना आणि बसचं दार बंद.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. सहलीत दुकानं येतातच. पण जेवणाची वेळ दीडची ठरलेली होती आणि दुकानाने खाल्लेला वेळ पुढे अवशेषांतून कापला गेला. पोर्ता मारिना या वेशीतून आत, मग फोरम म्हणजे गावचा मुख्य चौक, तिथलं स्नानगृह, एक बेकरी, वेश्यागृह, आणि परत बाहेर. हा सगळा पश्चिमेचा कोपरा. ॲम्फीथिएटर आहे पूर्वेच्या टोकाला, किलोमीटरभर चालल्यावर. बाबांना तेच पाहायचं होतं. इ.स.पू. 70 च्या सुमाराचं, म्हणजे रोमच्या कलोसियमहून दीडशे वर्षांनी जुनं. दगडात बांधलेलं, आज उभं असलेलं सगळ्यांत जुनं ॲम्फीथिएटर. इ.स. 59 मध्ये तिथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या न्यूकेरियाचे प्रेक्षक एकमेकांवर तुटून पडले, माणसं मेली आणि रोमच्या सिनेटने दहा वर्षं तिथले खेळ बंद केले. बाबा हे सगळं वाचून आले होते. त्यांनी विचारलं तेव्हा गाइडबाईंनी फार नम्रपणे सांगितलं की तिकडे जाऊन यायला वेळ नाही. त्यांच्या हातात काही नव्हतं, आखणी दुसऱ्याची होती. बाबा "असू दे" म्हणाले. मला मात्र ते अजून लागून राहिलं आहे. इतक्या लांबून आलेल्या माणसाला जे पाहायचं ते राहावं आणि त्याच वेळी दागिन्यांच्या दालनात उभं राहावं लागावं, हे बरोबर नाही.

सगळ्याच सहलींत असं होतं असं मी म्हणणार नाही. छोट्या गटांच्या काही सहली रेल्वेने नेतात आणि दुकानात थांबत नाहीत. पण बसची सहल घेत असाल तर बुकिंगआधी एकच प्रश्न लेखी विचारा: प्रत्यक्ष अवशेषांच्या आत किती तास? उत्तर दोन तास किंवा त्याहून कमी आलं, आणि कार्यक्रमात "कारागिरी पाहणे" असं काही असलं, तर काय होणार ते समजून घ्या. व्हेसुव्हियस किंवा अमाल्फी जोडून देणाऱ्या सहलींत तर पॉम्पेईच्या वाट्याला आणखीच कमी येतं.

रेल्वेचा रस्ता एवढा गुळगुळीत नाही. रोम तेर्मिनी ते नेपल्स सव्वा तासाच्या आत, ते सुखाचं. त्रास पुढे. चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल जुनी आहे, उन्हाळ्यात गच्च भरते, डबे रंगाने चितारलेले, बऱ्याच गाड्यांत एसी नाही. खिसेकापूंची ख्याती आहे, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला हे काही नवीन नाही. सोरेन्तोकडे जाणारी गाडी घ्यायची आणि "पॉम्पेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी" या स्टेशनावर उतरायचं; पॉम्पेई नावाची आणखीही स्टेशनं आहेत, तिथे उतरलात तर चालावं लागेल. बसायला जागा हवी असेल तर नेपल्सच्या मुख्य स्टेशनातल्या गारिबाल्दीऐवजी एक स्टेशन मागे, पोर्ता नोलानाला जा, गाडी तिथूनच सुटते. मोसमात कम्पानिया एक्स्प्रेस नावाची एसी गाडी असते, जागा राखून. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तीच पाहा. संपाचा दिवस मात्र आदल्या रात्री तपासा.

स्टेशनबाहेर पडलं की तिकीट नि गाइड देतो म्हणणारे घेरतात. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढलेलं असावं आणि गाइडच्या गळ्यात परवान्याचं ओळखपत्र असावं, एवढं पाहिलं तर काळजी नाही. आम्ही दोन तासांचा गाइड आधी ठरवला होता. दोन तासांनी त्याने फोरमच्या पुढे सोडलं, नकाशावर पेनाने खुणा करून दिल्या, कुठली घरं आज उघडी आहेत ते सांगितलं (सगळी घरं रोज उघडी नसतात), आणि मग दिवस आमचा होता.

मग आम्ही व्हिया देल्ल'अब्बोन्दान्झा या रस्त्यावरून सरळ पूर्वेकडे चालत गेलो. गर्दी विरळ होत जाते. वाटेत नळ आहेत, पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्यावी. ॲम्फीथिएटरच्या अलीकडे, उजव्या हाताला पळून जाणाऱ्यांची बाग आहे. तेरा माणसं, त्यात लहान मुलंही, द्राक्षमळ्याच्या कडेला जशी पडली तशी. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळीत प्लास्टर ओतायची युक्ती जुझेप्पे फिओरेल्लीने 1863 मध्ये काढली, त्या पद्धतीने हे साचे तयार झाले. एक जण कोपरावर रेलून उठायचा प्रयत्न करतोय असं वाटतं. तिथे आमच्याशिवाय फारसं कुणी नव्हतं आणि कानात कुणाचा आवाजही नव्हता. बायको बराच वेळ काही बोलली नाही. असा वेळ सहलीच्या आखणीत बसवता येत नाही. ॲम्फीथिएटरमध्ये खाली मधोमध उभं राहून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, कॅमेरा जरा फिरव. फिरवला. पुन्हा फिरव म्हणाले.

रेल्वेने जाण्याचं दुसरं कारण नेपल्समध्ये आहे आणि आपल्यासाठी ते मोठं आहे. पॉम्पेईच्या घरांतून निघालेलं उत्तमोत्तम बरंचसं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात नेलेलं आहे: 'फॉनचं घर' नावाच्या वाड्यातलं अलेक्झांडरचं मोझेक, भित्तिचित्रं, इ.स. 79 च्या उद्रेकात जळून कोळसा झालेले पाव. अवशेषांत भिंती, संग्रहालयात घरातल्या वस्तू; दोन्ही मिळून गाव पुरं होतं. आणि तिथल्या 'गुप्त कक्षा'त एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, जेमतेम 25 सेंटिमीटर उंच, 1938 मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली. आधी तिला लक्ष्मी म्हणत. आता बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. दंडापर्यंत बांगड्या, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. व्यापार दोन्ही दिशांनी चाले. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत निघालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आजही पाहायला मिळते. सातवाहन काळातल्या दख्खनची कुणाच्या तरी हातची वस्तू व्हेसुव्हियसच्या राखेखाली साडेअठराशे वर्षं होती, हे मराठी माणसाने तिच्यासमोर उभं राहून पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं. बसच्या सहलीत नेपल्सचं संग्रहालय सहसा नसतं.

वेळ जमतो का? जमतो, पण पहाटे उठावं लागतं. सातच्या आसपासची रेल्वे, साडेनऊपर्यंत पॉम्पेई, दोनला बाहेर, नेपल्सला एक मार्गेरिता पिझ्झा (शाकाहारी असाल तर या शहरात जेवणाची अडचणच नाही), मेट्रोच्या 1 नंबरच्या मार्गाने 'म्यूझेओ' स्टेशन, संध्याकाळी संग्रहालय आणि रात्रीच्या गाडीने रोम. एक रात्र नेपल्सला काढता आली तर उत्तमच. खर्चाचं म्हणाल तर रेल्वेची तिकिटं लवकर काढली आणि चौघं असलात तर खाजगी गाइड धरूनही फार फरक पडला नाही; दोघांनाच गाइड जरा जड जातो.

सत्तरीपुढची माणसं, पहिलाच परदेश प्रवास, किंवा भर ऑगस्टचं ऊन असेल तर मी बसला नको म्हणणार नाही. तिथे निवांतपणा महत्त्वाचा. लहान मुलं असतील तर तिसरा पर्याय सुचवतो, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम. त्याच लोकलवर, नेपल्सहून जाताना पॉम्पेईच्या अलीकडे, पॉम्पेईपेक्षा कितीतरी आटोपशीर, आणि तिथे जळून कोळसा झालेली लाकडी तुळई, दारं नि घडीचं लाकडी पार्टिशन जागच्या जागी आहे. रोम सोडायचंच नसेल तर ओस्तिया अंतिका हे रोमचं जुनं बंदर अर्ध्या तासावर, शहराच्या साध्या तिकिटात. पण पॉम्पेईची हौस असेल आणि पाय धड असतील, तर माझा सल्ला रेल्वेचा आहे.

तिकिटं एकाहून जास्त प्रकारची असतात. गावाच्या तटाबाहेरच्या व्हिल्ला देई मिस्तेरी या घराची लाल भित्तिचित्रं पाहायची असतील तर ते घर धरलेलं तिकीट घ्या. पासपोर्टवरचं नाव नि तिकिटावरचं नाव जुळायला हवं. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, म्हणून अंगावर येईल इतकी गर्दी असते. आणि मंगळवारी नेपल्सचं संग्रहालय बंद असतं, तेवढा वार सोडून रेल्वेचं तिकीट काढा.