आधी वर्ग की आधी कारखाना? अँटिगोनिश आणि मोंद्रागोन

गरिबांसोबत काम करणाऱ्या दोन कॅथलिक धर्मगुरूंनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात फादर मोझेस कोडी, तर स्पेनच्या बास्क प्रांतात फादर होसे मारिया आरिझमेंदियारिएता.

कोडींनी १९२८ साली अँटिगोनिशच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात विस्तार विभाग, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांना शिकवणारा विभाग, सुरू केला. मच्छीमार, शेतकरी आणि खाणकामगार शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात अभ्यासमंडळ भरवत. आपला मासा कवडीमोलाने का जातो, हाच त्यांचा धडा. त्यातूनच पतसंस्था, सहकारी दुकानं, लॉबस्टर डबाबंद करण्याचे कारखाने निघाले. भांडवल फारसं लागत नाही, पण संध्याकाळ मात्र नेमाने द्यावी लागते!

बास्क प्रांतातल्या मोंद्रागोन गावात सुरुवात आरिझमेंदियारिएतांच्या १९४३ च्या तांत्रिक शाळेने झाली. तिथल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये उल्गोर हा कारखाना काढला आणि स्टोव्ह बनवू लागले. मालक कामगारच, प्रत्येकाला एक मत. १९५९ मध्ये स्वतःची सहकारी बँकही आली, आणि मला वाटतं खरी चावी तीच. बाहेरच्या सावकारावर फारसं अवलंबून राहावं लागलं नाही. धोकाही तितकाच मोठा: उल्गोरचीच पुढची पिढी असलेली फागोर कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

विखुरलेली, निरक्षरता जास्त असलेली वस्ती असेल तर मी कोडींची वाट निवडेन. कारागिरी आणि बाजारपेठ हाताशी असेल तर मोंद्रागोनची.